पेपर कोणी काढला?

सियागंजच्या बाजारात नारळ घेताना देवस्थळी सर तो कानाशी धरून हलवत आणि आत पाणी किती, ते आधी दुकानदाराला सांगून टाकत. मग म्हणत, "भिया, अब फोड़ के दिखाओ." अंदाज बरोबर आला तरी खूश, चुकला तरी खूश. न फोडता कोणी नारळ पिशवीत टाकला, तर मात्र त्यांचा चेहरा पडे. घरी काकू त्या फोडलेल्या नारळांच्या चटण्या करून करून दमल्या होत्या.

सर माझे पीएचडीचे गाइड. भंवरकुआंजवळच्या आमच्या विभागात त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक टेबल आणि त्यावर गोलाकार मांडलेले सोळा अँटेना. मधोमध वस्तू ठेवायची, चहूबाजूंनी लहरी सोडायच्या आणि विखुरलेल्या लहरी मोजून आत काय आहे त्याचं चित्र संगणकाकडून काढून घ्यायचं. "कानाने नारळ बघायचा, बस," सर सांगत. "बाकी सगळं गणित."

त्या गणितात माझी चार वर्षं गेली. शेवटी शेवटी चित्रं अशी यायला लागली की मीच माझ्यावर फिदा. दोन गोल मानले की दोन गोल हजर, काठ अगदी कोरून काढल्यासारखे. शहरातल्या एका कॉलेजात मला नोकरीही ठरली होती. अट एकच, महिन्याभरात प्रबंध जमा व्हायला हवा. मी फाइल सरांपुढे ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बढिया! पण हे लहरींचे आकडे कुठले?"

"माझ्याच प्रोग्रॅमचे, सर. वस्तू मानली, लहरी कशा विखुरतील ते काढलं, मग उलट..."

"उलट पण त्याच प्रोग्रॅमने? मतलब पेपर तूच काढला, तूच सोडवला, तूच तपासला. आणि शंभरपैकी शंभर! मीनल बेटा, आपल्या लाइनमध्ये ह्याला गुन्हाच म्हणतात."

मला रडू आलं, आणि रागही. हे आधी का नाही सांगितलं, असं मी चक्क विचारलं. "मला वाटलं, तू टेबलावर मोजते आहेस," सर हळूच म्हणाले. "माझंही चुकलंच ना."

दुसऱ्या दिवशी टेबलावर थर्मोकोलचा डबा होता, खाकी टेपने घट्ट बंद केलेला. "आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून दे. मग फोडू."

आठवडाभर मी मोजत होते. चित्रात नुसतं धुकं. चित्रात भलतंसलतं उमटू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो, सर त्याला लगाम म्हणत. तो जरा ढिला केला की धुक्यातून डावीकडे एक छान काळा गोळा वर यायचा. आणखी ढिला केला तर दोन. नोकरी डोळ्यांपुढे होती, म्हणून मी त्या गोळ्याचं चित्र छापूनही ठेवलं. पण दुपारी पुन्हा मोजलं तर गोळा उजवीकडे! डबा तर जागचा हललाही नव्हता.

मी चित्र फाडलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "आत काही नाही." चार वर्षं शिकून एवढंच सांगायचं होतं का?

सरांनी चिठ्ठी वाचली आणि खिशातल्या किल्लीने टेप कापली. डबा रिकामा होता.

"ह्याच डब्यात लोकांनी मला बाटल्या दाखवल्या आहेत," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "उद्यापासून भरलेले डबे. आता तुझ्या चित्रावर माझा भरोसा आहे."

भरलेल्या डब्यांची चित्रं धुरकट आली, पण वस्तू जिथल्या तिथे दिसल्या. प्रबंध वेळेत गेला, नोकरी मिळाली.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तो डबा काकूंनी मला दिला, आणि मी तो पुन्हा टेप लावून कॉलेजातल्या टेबलावर ठेवलाय. आत काय आहे, असं मुलं विचारतात. मी म्हणते, मोजून सांगा. परवा एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने घडी केलेली चिठ्ठी घेऊन आली. "मॅडम, माझं बहुतेक सगळंच चुकलंय," ती म्हणाली.

मी चिठ्ठी उघडली नाही. पर्समध्ये किल्ली शोधायला लागले.