अण्णांची बिदनहळ्ळी

वहिनींनी फोनवर 'अण्णा गेले' असं म्हटलंच नाही. "बाई, आज दुपारचं वाचन न्हाय. तुमी आत्ताच या," एवढंच बोलल्या, आणि मी जे समजायचं ते समजले. रिक्षात बसल्यावर बघते तर चष्मा आणि अण्णांच्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाचे कागद मी सवयीने पिशवीत टाकलेच होते. रेवणप्पा अण्णा झोपेतच गेले. याला आता काही आठवडे झाले. ओळखीचे लोक भेटतात आणि 'सुटले बिचारे' म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. अण्णांना सुटायचं नव्हतं, त्यांना कादंबरी पुरी करायची होती.

अण्णांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात बिदनहळ्ळी वसवली. हे गाव नकाशात सापडायचं नाही. अक्कलकोटच्या पलीकडे कुठेतरी, जिथे भांडण मराठीत सुरू होतं आणि तापलं की कानडीत जातं, तिथे ते असावं असा माझा अंदाज. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या त्याच गावात घडल्या. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून त्यांचं लिखाण पहिल्यांदा माझ्या हातात यायचं. नसीमबाई मराठी शिकवतात याचं गावाला नवल वाटायचं, अण्णांना मात्र फक्त माझ्या लाल पेनाची धास्ती होती. मी खोडलं की ते हळूच "होगली बिडू" म्हणायचे, म्हणजे जाऊ दे झालं, आणि मग तेच वाक्य पुढच्या पानावर गुपचूप परत आणायचे.

त्यांची लिहिण्याची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी गल्ली दारात असते. अण्णा हातात पाइप धरून पायरीवर उभे राहायचे आणि सहज सांगावं तसं सांगायचे, "शांतानं पुन्हा नर्सिंगचा विषय काढला. गंगव्वा दोन दिवस बोलंना." शांता आणि गंगव्वा या कादंबरीतल्या मायलेकी. पण गल्लीला ते कोण सांगणार? बायका बादल्या भरता भरता बोलायला लागायच्या. कुणी आईची बाजू घ्यायचं, कुणी पोरीची, आणि अण्णांचं पिंप भरून वाहत असायचं. त्यातलं निम्मं पुढच्या प्रकरणात उतरायचं. एकदा शेजारच्या राजमणीने कमालच केली. तिचा भाचा टॉवेलच्या कारखान्यात मास्तर. त्याच्यासाठी ती शांताचं स्थळ विचारायला पेढे घेऊन आली. "पोरगी शिकलेली हाय, आमाला चालतंय की, फोटो तेवढा द्या," म्हणाली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. अण्णांनी मात्र गंभीरपणे सांगितलं, की पोरीला अजून शिकायचं आहे. नंतर खरं कळल्यावर राजमणी रुसली, पण पाण्याच्या दिवशी तिनेच आधी विचारलं, की मग नर्सिंगचं काय झालं.

पुढे त्यांची मुलगी स्नेहा पुण्याहून आली आणि लॅपटॉपवर लेखकांसाठी असलेलं एक सॉफ्टवेअर टाकून गेली. प्रत्येक पात्राचं वेगळं पान. जन्म, उंची, आवडता पदार्थ, सर्वांत मोठी भीती, मनात दडवलेलं गुपित. शिवाय गावाचा नकाशा, वंशावळ, कोणत्या साली काय घडलं याचा तक्ता. अण्णा हरखून गेले. खरं सांगायचं तर त्यांना त्याची गरजही होती. मागच्या एका कादंबरीत त्यांनी ज्या काकांना देवीच्या साथीत मारलं, ते काका पुढे लग्नाच्या पंगतीत भात मागत होते. मी विचारलं तर म्हणाले, दुसरे काका असतील. आता तक्ता अशी चोरी लगेच पकडायचा. गंगव्वाचं वय असं निघालं, की मोठा मुलगा झाला तेव्हा ती स्वतःच परकरी पोरींत खेळत असायला हवी होती. अण्णांनी मला फोन करून हे सांगितलं आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

पण मग ते पायरीवर यायचेच थांबले. आतल्या खोलीत बसून पानं भरत राहायचे. बँकेतला माणूस, एक रकाना मोकळा सोडवत नव्हता. "माझ्या सगळ्या खातेदारांची केवायसी पुरी झाली, बाई," असं अभिमानाने म्हणाले. मी नवी प्रकरणं वाचली होती. माणसं बिनचूक होती आणि मुकी होती. मी म्हटलं, "केवायसी झाली अण्णा, पण खात्यावर व्यवहार काहीच नाही." त्यांना लागलं. नंतर मी शांताचं पान उघडून बघितलं, भीतीच्या रकान्यात 'पाल' लिहिलं होतं. वहिनींना विचारलं, अण्णांची सर्वांत मोठी भीती कोणती? त्या म्हणाल्या, इतकी वर्षं संसार केला, असलं कधी विचारलं न्हाय. मला तेव्हा त्या यंत्राची चीड आली होती, आणि ती मी लपवलीही नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी अण्णा पुन्हा पायरीवर दिसले.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, नंतर गल्ल्या. डॉक्टरांनी सांगितलं, की हे वाढतच जाणार. अण्णांनी स्वतःबद्दल काही विचारलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाई, मी शांताला विसरायच्या आत ती घरी आली पाहिजे." शांता आईशी भांडून गेली होती, आणि ती परत येते का, यावरच कादंबरी अडली होती.

त्या दिवसांत त्याच यंत्राने अण्णांना हात दिला, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज दुपारी वहिनी एकेक पान उघडून वाचायच्या. गंगव्वा कोण, तिचं घर विहिरीच्या कुठल्या अंगाला, थोरला कुठे असतो. अण्णा नव्या माणसाची ओळख करून घ्यावी तसं ऐकायचे. पण वहिनींनी विचारलं, की आता गंगव्वा काय बोलंल, तर क्षणाचाही वेळ न घेता उत्तर यायचं, आणि ते गंगव्वाचंच असायचं. नाव विसरलेल्या माणसाचा स्वभाव त्यांच्याजवळ शाबूत होता. यंत्राने माणसांचा पत्ता सांभाळला, बोलती ती अण्णांनीच केली. मी ते उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचे.

एका दुपारी मी आत गेले तेव्हा अण्णांनी माझ्याकडे सौजन्याने बघितलं आणि वहिनींना म्हणाले, "अगं, या बाईंचं पान काढ की."

"या त्यात न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "या खऱ्या हाईत. नसीमबाई."

अण्णा म्हणाले, "खऱ्या हाईत, तर मग मला ठाऊक पाहिजे होत्या."

मी मोरीत जाऊन रडले. तोंड धुऊन बाहेर आले आणि आम्ही पुढचं प्रकरण घेतलं. शांता एसटीतून फाट्यावर उतरली, तिथपर्यंत आलो. त्यानंतर काही दिवसांतच वहिनींचा तो फोन आला.

परवा स्नेहा आली होती. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय निघाली आहे, सगळी पानं वाचून ते पुढचं प्रकरण स्वतःच लिहून देतं. तिने ते करून आणलं होतं. वडिलांचं काम अपुरं राहू नये म्हणून लेक धडपडते, तिला काय बोलणार? तिने अण्णांच्या खोलीत बसून वाचून दाखवलं. शांता घरी येते, गंगव्वा तिला कवटाळते, दोघींच्या डोळ्यांतून धारा लागतात. वयं बरोबर, विहीर जागेवर.

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "सगळं बरोबर हाय गं. पण असं कसं? लई दिवसांनी आल्या पोरीला गंगव्वा आधी बोलंल की. मग शांता बॅग उचलंल, आनि ती बॅग गंगव्वा धरून ठेवंल." त्या माझ्याकडे वळल्या. "हे असं सांगितलं असतं की न्हाय त्यांनी?"

मी पिशवीतून कागद काढले आणि लिहायला घेतलं. वहिनी सांगत होत्या, मधेच 'हे ते म्हणाले नसते' म्हणून खोडायला लावत होत्या. स्नेहाने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि आईच्या पायाशी येऊन बसली. भांडण झालं, बॅग उंबऱ्याच्या आत आली, गंगव्वाने दार लोटलं. मला वाटलं, झाली कादंबरी. मी पेनाला टोपण लावायला गेले, तसा वहिनींनी माझा हात धरला.

"थांबा की, बाई. पोरगी सकाळधरनं उपाशी हाय. आधी तिला भाकरी वाढा, मग बंद करा."