आबांच्या चाकूची कमान

दौंडच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळाली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. डब्यांच्या दुरुस्तीवर फिटर. वडील नुकतेच गेले होते आणि त्यांच्या वस्तूंपैकी मी एकच मागून घेतली होती, त्यांचा घडीचा चाकू. पितळी मुठीचा, मुठीत पूर्ण मावणारा. या चाकूने त्यांनी पेरू कापले, आमच्या पेन्सिली तासल्या, पोत्यांच्या सुतळ्या तोडल्या. माझ्याकडे आला तेव्हा त्याची कमान मोडलेली होती. कमान म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची पट्टी. ती पात्याच्या बुडावर दाब देऊन बसते, म्हणून उघडलेलं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटलेलं. ती गेली की पातं लुळं पडतं.

दौंडात दोघातिघांना दाखवला. "नवा घ्या की," एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी आमच्याकडच्या एका गँगमनने सांगितलं की शिरूरच्या बाजारात एक चाचा आहेत, कुलपं आणि कात्र्या दुरुस्त करतात, त्यांना दाखवा. सुट्टीच्या दिवशी एसटीने शिरूरला गेलो.

चाचांची टपरी एका बोळाच्या तोंडाशी होती. आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा, धार लावायची, पायाने फिरवायची साण, भिंतीला लटकलेल्या शेकडो किल्ल्या, आणि बाहेर एक बाक. त्या बाकावर खांद्यावर घोंगडं टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चाचांनी माझा चाकू हातात घेतला, पातं वरखाली केलं.

"कुणाचा?"

"वडिलांचा."

"आहेत?"

"नाहीत. दोन महिने झाले."

चाचांनी चाकू बाकावरच्या म्हाताऱ्यांकडे दिला. "बघा बरं, आबा."

आबांनी तो डोळ्यांजवळ नेला. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. "लई वापरलाय," ते म्हणाले. "पन नीट वापरलाय. कुठं दात पडल्याला न्हाई. मानूस निगुतीचा व्हता तुझा बाप."

वडील गेल्यापासून भेटायला येणारे सगळे एकच बोलत होते, फार चांगला माणूस, देवमाणूस. इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. मला तिथेच, भर बाजारात, रडू फुटलं. चाचा मान खाली घालून खिळा ठोकत राहिले आणि आबांनी घोंगडं गोळा करून बाकावर मला जागा केली.

चाचांनी चाकूला नवी कमान बसवून दिली, आणि तिथून पुढे सात-आठ वर्षं, महिन्यातला एक दिवस मी शिरूरला जात राहिलो.

आबा शिरूरजवळच्या निमोण्याचे. तरुणपण सगळं मेंढरांमागे गेलेलं, दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुढे कळप मोडला, जमीन केली, कांदा आणि बाजरी करू लागले. तरी चार-पाच मेंढरं दारात ठेवलीच होती. "त्यांच्या वासाबिगर झोप न्हाई येत," म्हणायचे. त्यांचा चाकू मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीचा. कळपातला एक आवडता मेंढा घाटात पडून मेला, त्याचं शिंग त्यांनी पाण्यात उकळून मऊ केलं, दगडाखाली दाबून सरळ केलं आणि शिरूरला आणलं. त्याला पातं घडवून बसवलं ते चाचांच्या वडिलांनी. चाळीस वर्षं धार लावून लावून ते पातं आता बोरूसारखं अरुंद झालं होतं.

आमच्या भेटीत विशेष काही घडायचं नाही. खाकी फडक्यावर तिघांचे चाकू ठेवायचे. ज्याने त्याने दुसऱ्याचा उचलायचा, न्याहाळायचा, खोड काढायची. मी दौंडच्या जुन्या बाजारातून कधी गंजका चाकू शोधून आणायचो, मग तो घासताना त्याचा मूळ मालक कोण असेल यावर तासभर वाद. आबा म्हणायचे खाटीक, चाचा म्हणायचे न्हावी. चाचा डोळे मिटून बसायचे आणि आम्ही एकेक चाकू मिटायचो. नुसत्या खटक्याच्या आवाजावरून ते चाकू कुणाचा ते सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. मग कलिंगड नाहीतर पेरू, आणि चहा.

लोकांना हे कळायचं नाही. बसमध्ये मी काकडी कापायला चाकू उघडला की शेजारचा माणूस सरकून बसायचा. बायको म्हणायची, "लोक पत्ते खेळतात, भजनाला जातात. तुम्हाला चाकूवालेच बरे सापडले."

रांजणगावला कारखाने आले तसा बाजार बदलला. प्लॅस्टिकच्या मुठीचे सुरे-चाकू ढिगाने आले. धार गेली की फेकायचे. चाचांच्या साणेला काम कमी झालं, डुप्लिकेट किल्ल्यांवर भागू लागलं. बाक मात्र होता आणि आम्ही त्यावर बसत होतो.

आबांच्या हाताचं माझ्या आधी चाचांच्या लक्षात आलं. आबा चाकू खिशातून काढायचे आणि आपण न उघडता माझ्या हातात द्यायचे, "बघ रं फिटर, धार उतरलीय का." मी उघडून परत द्यायचो. मला वाटायचं, कौतुकाने देतात. मग एकदा मी चहा सांगून परत येत होतो, तेव्हा लांबून पाहिलं. आबा एकटे बसले होते. पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचे, ओढायचे, नख सटकायचं. हात थरथरत होता. चारदा, पाचदा. मी जवळ आलो तसा त्यांनी चाकू मांडीखाली सरकवला आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले.

पुढच्या महिन्यात ते म्हणाले की सुनेने डॉक्टरांकडे नेलं होतं, साखर निघाली आहे, गोळ्या सुरू झाल्या आहेत, हाताला कंप आहे त्यावरही एक गोळी आहे. त्या दिवशी त्यांनी चाकू धारेला ठेवला आणि बाजार करायला गेले.

चाचांनी चाकू उघडून, मिटून पाहिला. मग म्हणाले, "फिटर, कमान थोडी उतरवतो. घासून पातळ केली की पातं हलकं उघडेल. त्यांना सांगायचं नाही."

मला ते फार आवडलं. चाचांनी खिळे काढले, कमान वेगळी केली आणि बारीक कानसीने पाठीकडून घासायला लागले. पुन्हा बसवून पाहिलं. पहिल्यापेक्षा सोपं झालं होतं, पण मला वाटलं, आबांच्या अंगठ्याला हेही जड जाईल.

"अजून थोडी," मी म्हणालो.

"अजून नको. पातं हातावर मिटायची भीती असते."

"चाचा, ते आता याने पेरूच कापणार. घासा अजून."

चाचा म्हणाले, "माझ्या बापाचं काम आहे हे." पण मी ऐकलं नाही. मी रोज लोखंडात काम करणारा माणूस, मला कळत होतं असं मला वाटत होतं. तीनदा उघडून पाहिलं आणि तिन्ही वेळा मीच अजून घासायला लावलं. शेवटी पातं बोटाच्या नुसत्या इशाऱ्याने उघडायला लागलं. मिटतानाचा खटका अगदी बारीक झाला होता. चाचांनी तो ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं.

आबा आले. चाकू घेतला, सवयीने नख लावलं, आणि पातं उघडलं. त्यांनी मिटवलं. पुन्हा उघडलं. मग तोंड भरून हसले.

"आरं, अंगठ्यात जोर आला की! गोळी लागू पडली जनू!"

आम्ही दोघेही हसलो. खोटं हसलो असं नाही, खरंच आनंद झाला होता. ते त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला चाकू उघडून दाखवत होते. पुढच्या चार महिन्यांत त्यांची चालसुद्धा बदलली. कोकरं विकायची ठरली होती ती त्यांनी विकू दिली नाहीत. "हात धड हाय तवर करतो की," म्हणाले.

मग एका महिन्यात ते आले नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या खेपेला चाचांनी मला बाकावर बसवून सांगितलं. निमोण्याचा एक माणूस कुलूप घ्यायला आला होता, त्याच्याकडून कळलं होतं. आबा मेंढीचं वाढलेलं खूर तासत होते. मेंढीने पाय झाडला, चाकू उलटा दाबला गेला आणि पातं बोटांवर मिटलं. दोन बोटं हाडापर्यंत कापली. त्यांनी हळद भरून फडकं बांधलं आणि चार दिवस कुणाला दाखवलं नाही. साखर होतीच. हात सुजून काळा पडला तेव्हा पुण्याला नेलं. दोन्ही बोटं काढावी लागली.

"कमान," चाचा म्हणाले.

आम्ही दोघे त्याच दिवशी निमोण्याला गेलो. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते, उजवा हात पांढऱ्या पट्टीत. आम्हाला पाहून उठायला लागले. चाचांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"चाकूचा दोष न्हाई बरं का, चाचा," आबाच आधी बोलले. "तुमच्या बापाचं पातं हाय त्ये. माजंच चुकलं. हातात जोर आला म्हून माजलो मी. या वयात खुरं तासाय बसलो."

चाचांचे ओठ हलले. ते सांगणार होते. मी पटकन मध्येच विचारलं, "औषध कुणाचं चालू आहे आबा?" आणि बोलणं तिकडे वळलं. मी तसं का केलं? आबांना त्रास नको म्हणून, असं मी परतताना बसमध्ये चाचांना समजावलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. मी घाबरलो होतो.

सहा-सात महिने मी ते घेऊन फिरलो. शिरूरला जाणंही कमी झालं. गेलो तरी बाकावर आम्ही दोघंच, आणि फडक्यावर चाकू ठेवायचं कुणीच नाव काढायचं नाही. शेवटी एका दुपारी मी एकटाच निमोण्याला गेलो. आबा डाव्या हाताने मेंढरांना पाला टाकत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कमान आम्ही सैल केली, चाचा नको म्हणत होते, अजून घासा असं मीच म्हणालो.

आबा पाला टाकायचे थांबले. शिव्या देतील असं मला वाटलं. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"म्हंजी," ते हळूच म्हणाले, "जोर आलाच नव्हता?"

मी खाली पडलेला पाला गोळा करायला लागलो.

"मी समद्यांला सांगत सुटलो व्हतो. सुनंला म्हनलो, पुढच्या साली चार मेंढरं वाढवू." ते बाजेवर बसले. बोटं गेल्यावरही हा माणूस मला इतका थकलेला दिसला नव्हता. ते चार महिने तरी त्यांच्याजवळ होते, आणि तेही मी आता काढून घेतले होते. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून.

"आबा, मला माफ करा."

"तुमी वंगाळ केलं न्हाई. जीव लावून केलं." मग म्हणाले, "चाचाला ठावं हाय, तू आलायस त्ये?"

"नाही."

"नको सांगूस. मला कळलंय म्हनून कळलं तर त्यो झुरंल. त्येच्या बापाचं काम हाय त्ये."

सुनेने चहा आणला. आबांनी तिच्यासमोर मला दौंडच्या पावसाचं विचारलं.

त्यानंतर दीडेक वर्षाने आबा गेले. दहाव्याला मी दौंडहून गेलो आणि चाचा शिरूरहून आले. घाटावरचं सगळं आटपल्यावर आम्ही दोघं गावच्या स्टँडवर येऊन थांबलो. चाचा खूप म्हातारे दिसत होते. साण त्यांनी विकून टाकली होती, हे मला तिथेच कळलं.

"फिटर," ते म्हणाले, "आपण सांगायला हवं होतं. बिचारे स्वतःलाच दोष देत गेले. त्यांना काहीच कळलं नाही."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. कळलं होतं चाचा, मी सांगितलं होतं, आणि त्यांना तुमचीच काळजी होती. पण आबांनी माझ्याकडून एवढी एकच गोष्ट मागितली होती. एकदा गप्प बसून मी चुकलो होतो, एकदा बोलून. आता काय करावं ते मला समजेना. मी गप्प राहिलो.

शिरूरची गाडी आधी आली. चाचा दांडीला धरून सावकाश चढले आणि खिडकीपाशी बसले. पुढच्या महिन्यात ये, असं ते दर वेळी म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. आणखी तीन वर्षांनी तेही गेले, तोवर मी फक्त दोनदा शिरूरला गेलो, आणि दोन्ही वेळा हे बोलायचं राहून गेलं.