दाजींचा कॅमेरा आणि आईचा फोटो

इथं सुरतेत नवा मोबाइल उघडला, थर्माकोलचा वास आला, आणि बीडचं ते दुकान आठवून डोकं परत तापलं.

घरात आईचा एकही फोटो नव्हता. ती ऊसतोडीला जायच्या आधी काढून भिंतीवर मोठा लावायचा, म्हणून थोरल्या बहिणीचे मालक, आमचे दाजी, मला घेऊन डिजिटल कॅमेरा घ्यायला गेलते.

दुकानदार सांगत होता, "फोटो मोठा करायचाय तर साइज मोठी ठेवा. मग मेमरी कार्डात फोटो कमी बसतेत."

"कमी कावून? बारीक ठेव, लई बसू दे."

मी म्हणालो, "दाजी, ऐका तरी त्याचं."

"सातवीतून पळालास, अन् मला शिकवतो का बे?"

दुकानदारानं साइज बारीक करून दिली.

माजलगावहून फोटो मोठा होऊन आला, तर आईच्या तोंडाचे नुसते चौकोन. डोळा कुठला, कुंकू कुठलं, कळेना. दाजी उलट फोटोवाल्याशीच भांडले. त्याच हंगामात आई उसाच्या फडावर गेली, ती परत आलीच नाही.

पण दाजींनी कॅमेरा घेतला नसता तर एवढंही हाती नसतं. तोच फोटो काडीपेटीएवढा बारीक छापून घेतलेला माझ्या पाकिटात असतो. तेवढाच ठेवला, की आई नीट हसताना दिसते.