वाशाला टांगलेली सायकल

मुलांनो, आज शिवणयंत्रात तेल घातलं आणि बोटांना आमच्या रत्नागिरीच्या पडवीचा वास आला.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बोटीवर नोकरीला गेला होता आणि दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. त्याची सायकल माझे वडील, अप्पा, सांभाळत. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून पावसाळ्याआधी ते तिला तेलाने माखून पडवीच्या वाशाला टांगत आणि दसऱ्याला उतरवून, पुसून पूजेला ठेवत.

त्या दसऱ्याला ते जागचे उठलेच नाहीत.

"अहो, सायकल काढताय ना? माळ ओवून झाली," आई म्हणाली.

"यंदा राहू दे वरच."

"गंज चढेल तिला."

"चढू दे."

"तो आल्यावर मला विचारील. तुम्ही बसाल सुपारी कातरीत."

अप्पांचा अडकित्ता थांबला, पण ते उठले नाहीत. मला वाटलं, कंबर दुखत असेल. त्यांनी वाट पाहणं सोडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आई स्टुलावर चढली आणि तिने झेंडूची माळ वरच हँडलला घातली. खाली उतरून पाहिलं, तर उंचावरची ती सायकल भिंतीवरच्या आजोबांच्या हार घातलेल्या तसबिरीसारखी दिसत होती.  आईने पुन्हा चढून माळ काढली.

"बायो, तेलाची बाटली आण," ती मला म्हणाली.

दादा आला नाही. आई होती तोवर सायकलला गंज मात्र चढला नाही.