दोन्ही बाजूंचा गडी

माणसाला दमवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. कोणी चौकशा करून दमवतं, कोणी आपली दुखणी सांगून. निव्वळ न्यायाने दमवणारा माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या नारायणगावात कापडाचं दुकान चालवायचा. त्याचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण हा बोलायला आमच्याहून गावरान. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. कुठेही दोन बाजू दिसल्या, की त्या समसमान केल्याशिवाय शेठला चैन पडत नसे. जुन्नरच्या जीपमध्ये सगळी वजनदार माणसं एका अंगाला बसली, की हा त्यांना खाली उतरवून पुन्हा वाटून बसवायचा. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणायचा, “शेठ, गाडी माझी हाय का तुमची?” माझ्या भावाच्या लग्नात आम्ही त्याला वरपक्षाकडून नेलं. तिथे वधूपक्षाकडे बोलणारं कोणी नाही असं दिसल्यावर तो त्यांच्या वतीने दोन तास आमच्याशीच मानपानावरून भांडला. जेवायला मात्र आमच्या पंगतीत बसला.

अशा माणसाच्या हाती बंदुकीचा खेळ पडू नये, पण पडला. दोन हजार सालानंतर स्टँडजवळ सायबर कॅफे निघाला. दहा कॉम्प्युटर होते, आणि दर रविवारी सकाळी आम्ही दहा जण पाच-पाचच्या दोन टोळ्या करून तिथे खेळायचो. एका टोळीने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो निकामी करायचा. साधा खेळ, पण शेठ असल्यावर साधं काय राहणार? गडी वाटायला तो आट्यापाट्यांच्या जुन्या पद्धतीने जोड्या पाडायचा. सारख्या ताकदीचे दोघे बाहेर पायरीवर जाऊन एक टोमॅटो, एक द्राक्ष अशी नावं घेऊन यायचे आणि म्होरक्यांनी न बघता मागायचं. यात अर्धा तास जायचा. माझ्या ताकदीचा गडी तालुक्यात नव्हता. मी इतका कच्चा होतो, की शेठ स्वतः माझ्या बाजूला बसायचा आणि मी घातलेला घोळ निस्तरायचा. तरी एक बाजू सारखी हरू लागली, की डाव थांबवून पुन्हा वाटणी. “हरणारा कटाळला की घरी जातो राव,” तो म्हणायचा, “मग खेळायचं कुणाशी?”

एका रविवारी जुन्नरच्या पोरांशी सामना ठरला. शेठच्या हट्टाने त्याच्याबरोबर मीही आमच्या पाचांत होतो. त्यांनी आम्हाला आधी चार वेळा हरवलं होतं आणि आमच्या टोमॅटोच्या बाजारावरून आम्हाला ‘टमाटी’ म्हणायला लागले होते. मला ते फार लागलं होतं. त्या दिवशी त्यांच्या एकाची जीप चुकली. पाच विरुद्ध चार. मी मनात पेढे वाटले. शेठ उठला आणि म्हणाला, “मी कॉमन. जो हरंल, पुढच्या डावाला त्याच्याकडं.” गल्लीतल्या क्रिकेटचा नियम त्याने तिथे आणला. सात-सात अशी बरोबरी झाली. आधीचा डाव आम्ही जिंकलेला, म्हणजे शेवटच्या डावाला शेठ त्यांचा. त्या डावात मी आयुष्यात पहिल्यांदा बॉम्ब लावला. बाकी सगळे मेले. उरलो मी आणि शेठ. तो बॉम्बपाशी आला, मी खोक्याआडून सगळ्या गोळ्या भिंतीत घातल्या. त्याने मला एका गोळीत आडवं केलं आणि शांतपणे बॉम्ब निकामी केला.

“लपला चांगला व्हतास,” तो म्हणाला. “नेम जरा खाली पायजे व्हता.”

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं, “एकदा सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तुला कळलं असतं. मग तू परत खेळला नसतास.”

“आता तरी कुठं खेळणार हाय?” मी म्हणालो आणि चहा तसाच ठेवून निघालो.

पुढचे तीन रविवार तो मोटारसायकल घेऊन दाराशी आला. “चल की, एक बाजू हलकी पडतीय.” मी आतूनच फवारणीचं निमित्त सांगितलं. आई त्याला चहा द्यायची, तो पिऊन जायचा. चौथ्या रविवारी राग उरला नव्हता. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी ओट्यावर बसलो. दहा वाजले, अकरा वाजले, तो आला नाही. शेवटी मीच कॅफेत गेलो.

शेठ एकटा बसला होता. बाकी नऊ खुर्च्या रिकाम्या.

“तू गेलास, नऊ उरलो,” तो म्हणाला. “मग मी कॉमन. मी ज्या बाजूला नसायचो ती बाजू रुसायची. एकेक करून गेले.”

मला लाज वाटली. आपण नसलो तर डाव सुखाने चालेल, अशीच माझी समजूत होती. माझ्यासारख्या कच्च्या गड्यावर सगळा डाव उभा आहे, हे एवढ्या लोकांत फक्त शेठला माहीत होतं. म्हणून तर तो तीनदा दाराशी आला होता.

“आता?” मी विचारलं.

त्याने शेजारची खुर्ची ओढून दिली. “बस, माझ्याच बाजूला बस.”

मी बसलो. त्याने बाजू न बदलता कायम माझ्याच बाजूला राहावं, एवढंच मला इतकी वर्षं हवं होतं. आम्ही दोघांनी बंदुका भरल्या आणि पडद्यावरच्या त्या मोकळ्या मैदानात बराच वेळ नुसते हिंडत राहिलो.