फ्रिजवरचं कुंकू

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझी मलाच लाज वाटते. माझे वडील जहाजावर इंजिनिअर होते. मी सिंगापूरमध्येच जन्मलो, वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यातून निवृत्त झालो.

सरकारी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नागरिकांना वीज वाचवणारी उपकरणं घेण्यासाठी सरकारने कूपनं दिली होती. कूपनाची रक्कम बिलातून वजा व्हायची. मग दुकानदाराने घरात बसवलेल्या उपकरणाचा फोटो पाठवून ती सरकारकडून मिळवायची. एका सकाळी अशाच एका दुकानातून काढून टाकलेला विक्रेता ठाण्यात आला. इथल्या सवयीप्रमाणे वाक्याच्या शेवटी 'ला' लावत म्हणाला, "ऑफिसर, कागदावर रोज कूपनवाले फ्रिज विकले जातात, पण दुकानाबाहेर एकही जात नाही, ला!"

आम्ही त्या दुकानाचे दावे मागवले. पाच घरांच्या नावावर एकाच फ्रिजचे फोटो होते, फक्त कोन बदललेला. दारावर लालसर ठिपके होते. सहकाऱ्यांना ते डाग वाटले. मी ओळखलं: नवी वस्तू घरात आली म्हणून लावलेलं हळदकुंकू. डिलिव्हरीच्या यादीत मराठी आडनाव एकच होतं, क्लेमेंटी भागातल्या एका घराचं. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दार पुण्याच्या एका तरुण बाईने उघडलं. ओळखपत्र पाहून ती घाबरली, पण मी मराठीत बोललो तसा तिचा चेहरा खुलला. "अय्या, तुम्ही मराठी? बसा ना काका, चहा टाकते."

चहा पिता पिता मी फ्रिजचा विषय काढला. ती म्हणाली, "दुकानातला माणूस फोटो काढत होता. मी नको म्हणत होते, पण हे म्हणाले, काढू दे."

मी वहीत लिहिलं: पतीने फोटोला संमती दिली. ती तेव्हा पोहे करू का, असं विचारत होती.

तिचा नवरा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी माणसाला मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, तुआसच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत होता. अशा लोकांना कूपन मिळत नाही. तेव्हा याने दुसऱ्यांची कूपनं वापरली आणि हा दुकानदाराला सामील आहे, असा मी सुतावरून स्वर्ग गाठला. त्याच्या साहेबाला फोन करून चौकशी केली. पासची माहिती आमच्याच संगणकावर होती, फोनची काही गरज नव्हती. पण मी आपल्या माणसाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, यासाठी माझा सगळा आटापिटा.

"साहेब, पूर्ण पैसे भरून घेतलाय हो फ्रिज. बिल घरी आहे," ठाण्यात बोलावल्यावर तो काकुळतीला येऊन म्हणाला.

इंग्रजीत बोल, असं मी त्याला इंग्रजीतच दटावलं. पाच तास तेच ते प्रश्न विचारले. बिल आणायला शिपाई पाठवणं मला सुचलं नाही, असं मी पुढे सांगत आलो. खरं तर सुचलं होतं.

शेवटी बिल त्याची बायकोच घेऊन आली. त्यात कूपनाचा एक डॉलरही वजा नव्हता. ते समोर ठेवताच दुकानदार बोलता झाला. लोकांना थोडी रोकड देऊन तो कूपनं घ्यायचा आणि या एका घरातले फोटो सगळ्या दाव्यांना जोडायचा. गुन्हा उघडकीस आला, मला प्रशस्तिपत्र मिळालं.

दोन महिन्यांनी त्या तरुणाचा फोन आला. पासची मुदत संपत होती आणि कंपनी ती वाढवायला तयार नव्हती. "साहेब, माझा काही दोष नव्हता असं पत्र मिळेल का?" मी अर्ज वरिष्ठांकडे पाठवला आणि हात झटकले. पत्र निघालं तोवर त्यांची तिकिटंही निघाली होती.

मी त्यांच्या घरी गेलो. ती जाळीच्या दारामागे उभी राहिली, दार उघडलं नाही. मी मराठीत म्हणालो, "चुकलं माझं." तिने इंग्रजीत विचारलं, ऑफिसर, आणखी काही प्रश्न आहेत का? मी नाही म्हणालो आणि लिफ्टकडे वळलो.

इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात, असं लोक विचारतात. संशयितासमोर कडक राहणं फार सोपं असतं, हे मी शिकलो. त्याच्या साहेबाला पहिला फोन मी काही कारण नसताना केला होता. 'त्याचा दोष नव्हता, चूक माझी होती' एवढं सांगायला दुसरा फोन करायचा होता. त्यासाठी माझ्यापाशी दोन महिने होते, आणि मी तो केला नाही.