अक्काची जट

माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यात जट झाली तेव्हा तिच्या सासरी पेढे तेवढे वाटले नाहीत. बाकी सगळं मुलगा झाल्यासारखंच झालं.

सोलापुरात तिच्या सासरच्यांचं धान्याचं दुकान होतं. मुदतीच्या तापानं ती दोन महिने अंथरुणाला खिळली होती. घाम, उशीवर घासलं जाणारं डोकं, फणी नाही. उठून बसली तेव्हा मानेमागं मनगटाएवढा जाड, दोरखंडासारखा पिळलेला केसांचा गठ्ठा लोंबत होता. दुसऱ्या कुणाच्या घरी फणी शोधली असती. तिच्या सासूबाईंनी हळद शोधली. यल्लम्मानं सुनेला धरलं, असं त्यांनी त्याच दुपारी गल्लीला सांगून टाकलं. अशी जट विंचरायची नाही, कापायची नाही. कापली तर घरातलं माणूस जातं.

अक्कानं हे मुकाट्यानं मान्य केलं, आणि त्याला कारण होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. दाजींसाठी मंगळवेढ्याची एक मुलगी पाहूनही झाली होती. जटेनं ते बोलणं थांबलं. देवीच्या बाईवर सवत आणण्याची छाती सासूबाईंना झाली नाही. कालपर्यंत जिला बारशाला मागं उभं करत, तिच्या पाया पडायला मंगळवारी आणि शुक्रवारी बायका येऊ लागल्या. नारळ, ओटी, जटेवर चिमूटभर भंडारा आणि वर तेलाची धार. गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको तर टांग्यातून यायची, आणि टांगा अगदी उंबऱ्याला लागल्याशिवाय उतरायची नाही. भक्तीलाही गल्लीत प्रेक्षक लागतात.

मी तेव्हा सोलापुरातच मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लहानपणीच विधवा झाले म्हणून मला शिकायला मिळालं. आमच्याकडं बाईच्या शिक्षणाचा तोच एक राजमार्ग होता. पुस्तकं बरीच वाचली होती आणि देवदेवस्कीबद्दल माझं मत पक्कं होतं. ते कुणी विचारत नसे, हा भाग वेगळा.

तीन वर्षांनी जटेला वास येऊ लागला. कानामागं गळू झालं. एका रविवारी मी गेले तर अक्का भिंतीला डोकं घासत बसली होती.

"लई खाज हाय गं. डोकं न्हाय, वारूळ झालंय नुसतं."

"मग कापू या."

"तुज्या जिभंला काय हाड? कापायची न्हाय. धुवून दे. आत्याबाई म्हणाल्यात, धुतलेली चालती."

सासूबाई आतून बाहेर आल्या. वासानं जॉबरच्या बायकोनं गेल्या शुक्रवारी नाकाला पदर लावला होता, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. "पाणी लावा, फणी लावू नका," त्या म्हणाल्या. "आन् पाणी मोरीत सोडायचं न्हाय. घंगाळात धरा. बायका तीर्थ मागत्यात."

एरवी त्या घरात मला कुणाला ओवाळायला पुढं होऊ देत नसत. धुवायला मात्र मी चालले.

पुढच्या रविवारी परसात चूल मांडली. रिठे रात्रीच भिजवले होते. ते बिया काढून उकळले. दुसऱ्या भांड्यात शिकेकाई, तिसऱ्यात कडुलिंबाचा पाला. आधी आंबट ताकात डाळीचं पीठ कालवून जटेला चोपडलं, कारण तीन वर्षांचा भंडारा तेलात मुरून तिच्यावर राळेसारखा बसला होता. तो मऊ पडल्यावर रिठ्याचं कोमट पाणी ओतत, दाबत, पिळत राहिले. वाकळ धुतात तसं. पहिलं पाणी आमटीच्या रंगाचं निघालं. त्यात हळद होती, खोबरेल होतं, उवा होत्या आणि काय काय होतं ते मी नीट पाहिलं नाही. सासूबाईंनी ते घंगाळ उचलून पुढच्या दारी नेलं. मी हात पुसत डोकावले तर पाचसहा बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या. एकीनं लेकराच्या डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, निदान निंबाचं पाणी होईपर्यंत थांबा. ते कुणी ऐकलं नाही.

आता मी जे केलं ते सांगते.

रिठ्यानं मळ निघतो, पण केस राठ होऊन गुंता आणखी आवळतो, हे घरोघरी ठाऊक असतं. जवस उकळून जो बुळबुळीत काढा निघतो तो गुंता सोडवतो, हेही ठाऊक असतं. अक्कालाही ठाऊक होतं, म्हणून मी तिला सांगितलं नाही. काढा माझ्या खोलीवरून झाकून आणला होता. शेवटचं पाणी झाल्यावर जटेच्या टोकापासून मुळापर्यंत तो जिरवला.

"ही बुळबुळ कसली?" तिनं विचारलं.

"गळवाचं औषध."

"थंड वाटतंय," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

दोन तास मी तिच्यामागं बसून होते. आधी टोकाशी चार बटा सुटल्या. मग बोट आत शिरलं, मग दोन बोटं. आत केस काळेभोर आणि शाबूत होते. मला इतका आनंद झाला की मी तो चार ओळींच्या निबंधासारखा मनात मांडूही लागले. अर्धी जट सुटली तेव्हा अक्काचा हात मागं आला आणि थांबला.

"हे काय?"

मी बोटं केसांतून काढून घेतली.

"तुला ठावं हुतं. हे सुटणार हे तुला ठावं हुतं की."

"अक्का, ते केस आहेत. देवी नाही."

"मला शिकवतीस व्हय? केस हायत हे मला पहिल्या दिसापासनं ठावं हाय. माज्याच डोक्यात हायत न्हवं ते." ती वळून बसली. आवाज चढला नव्हता. "आता मंगळवेढ्याची पोरगी यील. मी कुटं जाऊ? तू ठिवून घेशील?"

मी शिक्षिकांच्या वसतिगृहात राहत होते. एक खोली, पाहुण्यांना मनाई. हे खरंच होतं. पण खोली बदलता आली असती, नोकरी बदलता आली असती. मला ते त्या क्षणी सुचलं नाही असंही नाही. मी लगेच हो म्हटलं नाही, एवढंच. ती सुटलेले केस दोन्ही हातांनी पिळायला लागली.

पंधरा दिवस तिनं ती जट परत वळायचा प्रयत्न केला. डिंक लावला, गुळाचं पाणी लावलं. मुंग्या लागल्या. रोगात आपोआप झालेलं ते हातानं होईना. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन ती मंगळवारी बसायची. तिसऱ्या मंगळवारी जॉबरच्या बायकोनं भंडारा लावायला पदर सारला, आणि तिच्या हातात मोकळे केस आले.

"देवी उठून गेली की वो," ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंनी आकांत केला नाही. मला वाटतं, त्यांना थोडं बरंच वाटलं असावं. नातू हवा होता. देवीची अडचण होती. अडचण आपणहून उठून गेली. दाजी चांगले गृहस्थ होते, म्हणजे आईपुढं बोलत नसत. आले तसे दुकानात निघून गेले. पुढच्या लगीनसराईत मंगळवेढ्याची मुलगी घरात आली. अक्काला अक्कलकोटकडच्या आमच्या चुलत्यांकडं पाठवलं. त्यांच्या घरी भाकऱ्या थापायला बाई हवीच होती. तिला न्यायला गाडी आली तेव्हा मी शाळेत होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

त्या वर्षी एका महिला मंडळात मला भाषणाला बोलावलं. विषय माझाच: केसांची निगा आणि अंधश्रद्धा. मी रिठा, शिकेकाई, निंब, ताक, जवस, सगळं क्रमवार सांगितलं. जट कशी सुटली ते सांगितलं. घंगाळातल्या तीर्थावर बायका खूप हसल्या. अध्यक्षीणबाईंनी हार घातला आणि समाजाला अशा निर्भीड भगिनींची गरज असल्याचं सांगितलं. मग मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. साधं लुगडं, कडेवर मूल.

"त्या बाई आता बऱ्या हायत का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "डोकं अगदी स्वच्छ आहे."

पुन्हा टाळ्या पडल्या. ती बाई तेवढी उभीच राहिली. तिला आणखी काही विचारायचं होतं. अध्यक्षीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मी हार काढून टेबलावर ठेवला.